अपघातातली गाडी घ्यावी की न घ्यावी?

इंदापूर-बारामती भागातील छोट्या व्यापाऱ्याला आणि कारागिराला चारचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बाजार करणारा कापडवाला असो, गाद्या भरणारा असो की फर्निचरचे काम करणारा असो, आज निमगाव केतकी, उद्या भिगवण, परवा अकलूज अशी त्याची फिरती असते. एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून बाजार गाठण्याचे दिवस आमच्या मरहूम वडिलांबरोबर गेले. नवी गाडी सगळ्यांना परवडत नाही. शिवाय आमच्यापैकी पुष्कळजण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि चार-पाच वर्षे साठवलेली रोकड घेऊन जुन्या गाडीच्या शोधात निघतात.

यात एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी जुन्या गाडीवर कर्ज देते तेव्हा ती स्वतःचा पैसा वाचविण्यासाठी का होईना, गाडीची किंमत करणारा माणूस पाठविते व कागद तपासते. रोखीच्या गिऱ्हाइकासाठी हे काम कोणी करीत नाही. ते त्याने स्वतःच करायचे असते, आणि तो बहुधा गाडीचा रंग पाहून, काचा खालीवर करून, टेप लावून पाहतो व बयाणा देऊन मोकळा होतो. हे आम्ही दुसऱ्याला हसून लिहीत नाही. आम्ही स्वतः असेच केले होते.

२०१८ साली आम्ही २०१३ च्या मॉडेलची एक वॅगनआर १ लाख ८५ हजारांना घेतली. विकणारा ओळखीचा होता. "गाडीला कुठे मार नाही ना?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "शेठ, थोडे बंपरला लागले होते, रंग मारून घेतलाय." आम्ही समाधान मानले. उन्हाळा छान गेला. पहिल्या मोठ्या पावसात बावड्याहून येताना मागच्या सीटवर ठेवलेल्या साड्यांच्या गाठोड्यावर छताच्या कडेने पाणी उतरत होते, आणि ते गाठोडे सोडेपर्यंत आम्हाला पत्ताही नव्हता. लाल साडीचा रंग पांढऱ्यावर उतरला. कापडवाल्याला यापुढे काही सांगायला नको. साधारण २२ हजारांचा माल डागी झाला.

मग गाडी आमच्या ओळखीच्या एका डेंटर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीवरचे काळे रबर हाताने ओढून बाजूला केले आणि आम्हाला बोट लावून दाखविले. कारखान्यात पत्र्याला पत्रा जोडताना ठराविक अंतरावर गोल ठशांची रांग उमटते. ती एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. तेथे हाताने केलेले वेल्डिंग, त्यावर पुट्टी आणि त्यावर रंग होता. मिस्त्री म्हणाले, "चाचा, ही गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेलेली आहे. बंपर शाबूत राहिला, वरचं सगळं गेलं."

मार कोठे बसला?

ही ट्रॉलीची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या भागाची आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांकडे रात्रंदिवस उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. रात्री मागून येणारी मोटार त्यावर आदळते.

आता मोटारीची रचना पाहा. छोट्या मोटारीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. वाकवलेला पत्रा एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच तिची हाडे. पुढे बंपरच्या मागे दोन बाजूंनी दोन पोकळ दांडे असतात. समोरून धडक बसली की ते चुरगळतात आणि धडकेचा जोर स्वतःत घेतात, म्हणजे आत बसलेल्या माणसापर्यंत तो कमी पोचतो. हे सगळे गणित बंपरच्या उंचीवर धडक बसेल असे धरून केलेले आहे. ट्रॉलीचा तळ बंपरपेक्षा उंच असतो. मोटार तिच्याखाली शिरते, खालचे दांडे जसेच्या तसे राहतात, आणि सगळा मार बॉनेट, समोरची काच, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब व छपराची पुढची कड यांवर येतो. अशी गाडी दुरुस्त झाली की बॉनेट उघडून खालचे दांडे पाहणारा गिऱ्हाईक खूश होऊन जातो. आम्हीही खूश झालो होतो.

म्हणून गाडी ठोकलेली आहे का, एवढ्या प्रश्नाने काही ठरत नाही. दहा वर्षे आपल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीला कुठे ना कुठे लागलेले असणारच. मार कोठे बसला, हे पाहायचे. आम्ही आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. ठाणाला डाग पडला तर तो भाग कापून बाकीचा माल विकता येतो, भाव थोडा उतरतो, कापड मात्र कापडच राहते. पण उभा-आडवा धागाच सुटला असेल तर वरून कितीही इस्त्री मारा, ते कपडे शिवायला उपयोगाचे नाही. बंपर, दिवे, बॉनेट, पुढचे मडगार्ड, दारे, रेडिएटर या वस्तू नट-बोल्टने बसविलेल्या असतात. त्या काढून नव्या लावल्या की झाले. हा डाग. खांब, छत, फरशी, पुढचे-मागचे दांडे, मागची चाके ज्यात असतात तो पत्रा, हे सगळे वेल्डिंगने एकजीव केलेले असते. तेथे मार बसला म्हणजे धागा सुटला. तो पत्रा ओढून सरळ करता येतो, दिसायलाही सरळ दिसतो, पण एकदा वाकून सरळ झालेला पत्रा दुसऱ्या धडकेत कसा वागेल याची खात्री कोण देणार? आणि त्या सीटवर आपला मुलगा, सून, नातवंडे बसणार असतात.

मागची धडक लोक हलक्यात घेतात. डिकी उघडून स्टेपनीखालची फरशी पाहावी. तेथे पत्र्याला सुरकुती किंवा हाताने लावलेले मेण दिसले तर धडक आतपर्यंत पोचलेली आहे.

पाहायचे कसे?

गाडी सकाळी पाहावी, कोरडी पाहावी. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीत रंगाचा फरक कळत नाही. कडेला वाकून लांबवर नजर टाकली तर ठोकून सरळ केलेल्या पत्र्यात सावली लाटेसारखी हलते. खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. रुमालात गुंडाळून पत्र्याला लावले तर सगळीकडे सारखे चिकटले पाहिजे. पुट्टीचा थर जाड असेल तेथे पकड ढिली पडते. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हा प्रयोग करू नये. (आमच्या एका दोस्ताने केला आणि सौदा मोडला!) बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहावेत. कारखान्यात बोल्टवरही रंग बसलेला असतो. पाना लागला की कोपऱ्याचा रंग उडतो. बोल्ट उघडले म्हणजे गाडी वाईट असे नव्हे, पण मालकाला विचारण्यासारखा प्रश्न हाती येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चारही दारांची रबरे ओढून खालचे ठसे डाव्या-उजव्या बाजूला सारखे आहेत का ते पाहणे. याला पाच मिनिटे लागतात व पैसा लागत नाही. मालक "रबर काढू नका, खराब होईल" म्हणाला तर आपण समजून घ्यावे. ते रबर हाताने दाबून पुन्हा बसते.

आम्ही कापडवाले, मोजणे हाच आमचा धंदा. आता आम्ही गाडी पाहायला जाताना टेप घेऊन जातो. चाके सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजावे. मग दाराच्या चौकटीचे तिरपे माप डावीकडे व उजवीकडे घ्यावे. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, त्यात काही नाही. सेंटीमीटरहून अधिक फरक आला तर मिस्त्रींना दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. नंतर टायरच्या दुकानात नेऊन चाकांचे अलाइनमेंट काढावे आणि छापील कागद मागून घ्यावा. दोन्ही पुढच्या चाकांचे आकडे एकमेकांपासून फार लांब असतील व कारागीर "हे बसत नाही" म्हणत असेल, तर गाडीचा सांगाडा वाकलेला असण्याचा संभव मोठा.

एअरबॅगची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. जोराची धडक बसली की ती फुटते, आणि एकदा फुटलेली पुन्हा वापरता येत नाही. नवी, तिचा कंट्रोलर व सीटबेल्ट मिळून खर्च एवढा होतो की काही लोक नवी न बसविता वर फक्त झाकण चिकटवून गाडी विकतात. ओळखायचे कसे? किल्ली फिरविल्याबरोबर डॅशबोर्डवर एअरबॅगचा छोटा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे. मुळीच लागला नाही तर जास्त वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता असते. पुण्यात आम्ही एक चकचकीत पांढरी गाडी पाहिली. बाजारभावापेक्षा जवळजवळ लाखाने कमी होती. तिचा हा दिवा लागलाच नाही. विकणारा म्हणाला, "बल्ब गेला असेल." आम्ही म्हटले, बल्ब बदलून ठेवा, उद्या येतो. अर्थात गेलो नाही. दिवा नीट लागून विझला तरी पूर्ण भरवसा धरू नये, कारण त्यातही हातचलाखी करता येते. चांगल्या वर्कशॉपमध्ये संगणक जोडून एअरबॅगची नोंद वाचून घ्यावी.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल एवढेच सांगतो की तिला बाहेरून ओरखडासुद्धा नसतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला महापूर आला, ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने आपल्या तालुक्यात आणि पंढरपूर भागात पाणी शिरले. अशा वेळी भिजलेल्या गाड्या पुढे लांबच्या गावांत विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, चिखलाची रेघ असेल तर तेथे सापडते. ठोकलेली गाडी एक वेळ घ्यावी, बुडालेली घेऊ नये असे आमचे मत आहे. तिच्या वायरिंगला गंज आतून लागतो आणि तो किती वर्षांनी दगा देईल ते मिस्त्रीसुद्धा सांगू शकत नाही.

बिल वाचता येते ना?

पत्रा आणि रंग हे सगळ्यांना कळेलच असे नाही. पण व्यापाऱ्याला बिल वाचता येते. तेथेच आपला हात वर आहे.

गाडीचा अपघात झाला आणि विम्यातून दुरुस्ती झाली असेल तर तीन कागद तयार होतात: विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा अहवाल, वर्कशॉपचे शेवटचे बिल आणि पोलिसांत नोंद झाली असेल तर मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल. यातला एक तरी मालकाकडे मागावा. बिलात बंपर, हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर अशी नावे असतील तर डाग. पिलर, रूफ, फ्लोअर, साइड मेंबर, एअरबॅग अशी नावे दिसली तर थांबावे.

मालक म्हणाला की अपघात झालाच नाही, तर विम्याची पॉलिसी पाहावी. ज्या वर्षी दावा केला नाही त्याची सूट पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी चढत जाते. चार वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीत ही सूट शून्य किंवा २० टक्के दिसली, तर मध्ये दावा झालेला असण्याचा दाट संभव आहे. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल किंवा मध्ये खंड पडला असेल तर मात्र यावरून काही सांगता येत नाही. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. गाडीबरोबर ती आपल्याला मिळत नाही.

आणखी एक हिशेब. पॉलिसीवर गाडीची विमा-किंमत लिहिलेली असते, तिला आय.डी.व्ही. म्हणतात. नव्या किंमतीतून वयाप्रमाणे ती उतरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के घट धरतात. दुरुस्तीचा खर्च या किंमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत काढते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. तो कोणीतरी घेतो. सुटे भाग काढून विकले तर त्यात वावगे काहीच नाही. पण तोच सांगाडा स्वस्तात ठोकून-रंगवून पुन्हा बाजारात आला, किंवा त्याच्या कागदांवर दुसरीच गाडी चालू लागली, तर घेणारा बुडतो. २०२१ साली नवी मुंबई पोलिसांनी अशीच एक टोळी पकडली. पुरात भिजल्याने कंपनीने भंगारात काढलेल्या बीएस-४ मोटारी चेसिस नंबर बदलून विकल्या जात होत्या. शंभराहून अधिक गाड्या जप्त झाल्या. ज्यांनी पैसे मोजून त्या घेतल्या होत्या त्यांच्या दारातून गाडी गेली. म्हणून आर.सी.वरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळवून पाहावा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर तेथून सरळ निघावे.

सुपुर्दनामा

हा शब्द आम्ही उर्दू शाळेत शिकलो, पण त्याचा मोटारीशी संबंध फार उशिरा कळला. अपघातात कोणी मेले किंवा जबर जखमी झाले तर पोलीस गाडी ताब्यात घेतात. मग न्यायालय ती मालकाला सुपुर्दनाम्यावर परत देते. म्हणजे गाडी घरी येते, पण खटला संपेपर्यंत अमानत म्हणून. विकू नये, रंगरूप बदलू नये, बोलावल्यावर हजर करावी अशा अटी सहसा त्यात असतात. अशी गाडी न्यायालयाच्या परवानगीशिवाय घेतली तर उद्या वॉरंट विकणाऱ्याच्या नावे निघेल आणि गाडी आपल्या दारातून जाईल. म्हणून अपघात झाल्याचे कळले की दुसरा प्रश्न हाच विचारावा: कोणाला लागले होते का, आणि गुन्हा नोंद आहे का? विचारायला संकोच वाटतो खरा, पण विचारावे.

उत्तर तोंडी घेऊ नये. १८७२ च्या करार कायद्यात एक कलम आहे, ते आम्हाला एका वकील मित्राने समजावून सांगितले. विकणारा नुसता गप्प राहिला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन खरे कळून घेता आले असते, तर पुढे फसवणूक झाली म्हणून सौदा रद्द करता येत नाही. पण विकणाऱ्याने जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा स्टँपपेपरवर साध्या चार ओळी लिहून घ्याव्यात: गाडीला अमुक सालात अमुक ठिकाणी मार बसला होता, अमुक भाग बदलले, याशिवाय मोठा अपघात नाही, पोलीस केस नाही, कर्ज बाकी नाही. प्रामाणिक माणूस सही करतो. ज्याला सही करताना कामे आठवतात त्याला त्याच्या कामाला जाऊ द्यावे.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडून घ्यायची असेल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचारावे. आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. व्यवहार बँकेतून करावा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

आमच्या गाडीचे काय झाले?

२०१८ च्या त्या वॅगनआरचा निकाल सांगायचा राहिला. मिस्त्रींनी पाणी बंद करून दिले, पण पुढच्या डाव्या टायरची आतली कड दर काही महिन्यांनी झिजत होती. गाडी विकायचे ठरले. घरात दोन मते पडली. आमच्या धाकट्या भावाचे म्हणणे, "आपल्याला कोणी सांगितलं होतं का? जशी आली तशी देऊन टाका." त्याच्या बोलण्यात राग होता, आणि राग खोटा नव्हता. १ लाख ८५ हजार आम्ही मोजले होते. गप्प राहिलो असतो तर दीड लाखाला सहज गेली असती.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणारे आणि तो ओला भाग लोकांना दिसेल असा वर ठेवायला सांगणारे हजरत पैगंबर (स.) यांची हकीकत आम्ही लहानपणी शाळेत ऐकली होती. आमच्या साड्यासुद्धा पाण्यानेच भिजल्या होत्या. आम्ही ऐब सांगून, कागदावर लिहून गाडी एका गॅरेजवाल्याला १ लाख ५ हजारांना दिली. त्याने ती सुट्या भागांसाठी घेतली. ८० हजार तेथे गेले आणि २२ हजार साड्यांत. भाऊ दोन महिने नीट बोलला नाही. आता बोलतो.

त्यानंतर पाच-सहा वर्षे आम्ही भाड्याच्या टेम्पोवर काढली. २०२४ च्या उन्हाळ्यात बारामतीच्या एका गृहस्थांची २०१९ ची वॅगनआर पाहायला गेलो. आम्ही काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "ही पुढून ठोकलेली आहे, आधीच सांगतो. चालत असेल तर बघा." आणि आतून फाईल आणून दिली. २०२२ मध्ये समोरच्या गाडीने अचानक ब्रेक मारल्याने धडक बसली होती. बिल ६२ हजारांचे. बंपर, डावा दिवा, बॉनेट, रेडिएटर, एक मडगार्ड. त्या वर्षीची आय.डी.व्ही. ३ लाख ५० हजार, म्हणजे दुरुस्ती अठरा टक्क्यांच्या आत. एअरबॅग फुटलेली नव्हती. पॉलिसीतली सूट त्या वर्षी शून्यावर येऊन पुन्हा चढलेली, फाईलशी जुळणारी. कोणाला लागले नव्हते, पोलीस केस नव्हती.

तरी आम्ही रबरे ओढली. टेप लावला. मिस्त्रींना इंदापूरहून बोलावले, त्यांची एका दिवसाची मजुरी दिली. ठसे दोन्हीकडे सारखे, मापे सारखी.

मग भावाचा प्रश्न. तशाच बिनमाराच्या गाड्या बारामतीत त्या वेळी ३ लाख २० हजारांच्या आसपास मागत होते. हे गृहस्थ २ लाख ९० म्हणत होते. येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. आज मिळालेली सूट हा नफा नव्हे, कारण उद्या आपण विकताना तीच सूट आपल्याला द्यावी लागणार आहे. दोन वर्षांत विकायची असेल तर ठोकलेली गाडी घेण्यात अर्थ नाही. आठ-दहा वर्षे झिजवायची असेल तर ती सूट खरोखर खिशात राहते. आम्हाला झिजवायचीच होती. २ लाख ७५ हजारांना सौदा झाला, पैसे बँकेतून.

नाव बदलण्याचे काम मागे टाकू नये. त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. इंदापूरच्या गाड्यांचे काम बारामतीच्या कार्यालयात होते. विकणाऱ्याच्या फायद्याचीही गोष्ट आहे. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे तसे येत नाही. १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. नाव न बदलता गाडी ठोकली तर दुरुस्ती पदरची.

आम्ही हे सगळे वेळेत केले, एक सोडून. फास्टॅग जुन्या मालकांच्याच खात्याचा राहून गेला होता. मुलगा सरडेवाडीच्या नाक्यावरून दोनदा जाऊन आला आणि पैसे बारामतीत कापले गेले. त्या गृहस्थांचा फोन आला, तेव्हा कळले. ते हसत होते. आम्ही त्याच संध्याकाळी पैसे पोचते केले व दुसऱ्या दिवशी टॅग बदलून घेतला.